आण्णांचा कान, माझे डाग आणि डीपीचा फोटो

आमच्या आण्णांचे दोन्ही कान मोडलेले आहेत. तरुणपणी ते तालमीत होते. आता सत्तरी आली, गुडघे कुरकुरतात, पण कान तसेच आहेत, घट्ट मुडपलेले, भज्यासारखे. कोल्हापुरात असा कान घेऊन फिरणाऱ्या माणसाला ‘कानाला काय झालं हो?’ असं कुणी विचारत नाही. बाजारात भाजीवाली मावशी ‘या पैलवान’ म्हणते आणि मूठभर कोथिंबीर जास्त टाकते. लग्नाच्या फोटोत आण्णा मान जरा वळवून बसले आहेत. कान नीट यावा म्हणून फोटोग्राफरनेच तसं बसवलं होतं, असं आई सांगते.

त्याच घरात, मी नववीत असताना, माझ्या ओठाच्या कडेला पांढरा ठिपका उमटला. मग बोटांच्या टोकांवर, मग कोपरावर. कोड. त्या वर्षीपासून माझ्या सगळ्या ड्रेसना पूर्ण बाह्या आल्या. स्थळं बघायची वेळ आली तेव्हा बायोडेटासाठी स्टुडिओत फोटो काढला, आणि स्टुडिओवाल्याने न विचारताच ओठाची कड ‘साफ’ करून दिली. फोटो बघून आई खूश झाली. मला मात्र तो फोटो हातात घेऊन पहिल्यांदा वाटलं की या मुलीला मी ओळखत नाही.

एका छताखाली दोन खुणा. एक मिरवलेली, एक झाकलेली. मी आता कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. वर्गातल्या मुलामुलींशी बोलताना हाच प्रश्न नव्या रूपात समोर येतो. मुरुमांचे खड्डे, जन्मखूण, दुभंगलेल्या ओठाच्या ऑपरेशनचा व्रण, एक पाय आखूड, दात पुढे, रंग सावळा, वजन जास्त. मैत्री किंवा प्रेम शोधायचं आहे, शोधण्याची जागा मोबाईलवर आहे, आणि तिथे पहिली ओळख फोटोशी होते. मग काय दाखवायचं, काय झाकायचं, आणि सांगायचं तर कधी? यावर माणसांच्या वागण्याचा अभ्यास काय सांगतो, ते इथे सोप्या शब्दांत मांडते आहे.

आधी शरीराचं बघू, कारण भीती बरीचशी अज्ञानातून येते.

कानाचा वरचा भाग कूर्चेचा, म्हणजे वाकणाऱ्या मऊ हाडाचा असतो. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर जे पातळ आवरण असतं, त्यातून तिला पोषण मिळतं. कुस्तीत कान घासला किंवा जोरात दाबला गेला की आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साचतं. ते वेळेत काढलं नाही तर कूर्चेचं पोषण तुटतं, ती आतून मरते आणि त्या जागी टणक, वेडीवाकडी ऊती तयार होते. वैद्यकाच्या दृष्टीने ही दुखापतीनंतर राहिलेली विकृती आहे. बस्स, इतकंच.

कोडाचंही तितकंच सरळ आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना मेलॅनोसाइट म्हणतात. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा काही कारणाने या पेशींनाच शत्रू समजते आणि त्यांना संपवते. जिथे त्या संपतात तिथे त्वचा पांढरी दिसते. जगात दर शंभरांत साधारण एकाला हे होतं. अनेकांना वयाच्या विशीच्या आत सुरुवात होते. शिवल्याने, सोबत जेवल्याने, एकच टॉवेल वापरल्याने, चुंबनाने ते कुणाला लागत नाही. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने होतं ही समजूतही खोटी आहे. माझं मात्र दोन वर्षं दूध, दही आणि पांढरा रस्सा बंद होता, कारण ‘पांढरं खाल्लं की पांढरं वाढतं’ असं एका नातेवाइकाने ठामपणे सांगितलं होतं. घरात सगळे रविवारी रस्सा ओरपायचे आणि मी तांबड्याची वाटी घेऊन बसायची. खाण्याचं दुःख नव्हतं. पंगतीत आपल्यापुरता वेगळा नियम लागला, हे दुखायचं.

सगळ्यात मोठा गोंधळ तर नावातच आहे. ‘कोड’ हा शब्द ‘कुष्ठ’ या संस्कृत शब्दावरूनच आला, आणि अजूनही काही जण त्याला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणतात. कुष्ठरोग ही अगदी वेगळी गोष्ट. तो जिवाणूमुळे होतो. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी 1873 मध्ये तो जिवाणू शोधला. त्या रोगाच्या चट्ट्यावर स्पर्श कळेनासा होतो, कोडाच्या डागावर संवेदना शाबूत असते. आणि कुष्ठरोगही आज औषधांनी पूर्ण बरा होतो. 2019 मध्ये आपल्या संसदेने कायदे बदलून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून काढून टाकलं. म्हणजे ज्या रोगाच्या नावाने कोडाला भ्यायचं, त्या रोगालाही भिण्याचं कारण उरलेलं नाही.

स्वीकारणं म्हणजे उपचार नाकारणं, असं मला अजिबात म्हणायचं नाही. मलमं आहेत, ठरावीक तरंगलांबीच्या अतिनील किरणांचे उपचार आहेत, डाग बरेच दिवस वाढत नसतील तर त्वचारोपण आहे. बोटांची टोकं आणि ओठ यांवर रंग परत यायला अवघड जातं, हे मी अनुभवाने सांगू शकते. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या त्वचारोग विभागात किंवा चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, भोंदूकडे जाऊ नका. कोडासोबत थायरॉइडचा त्रास असण्याची शक्यता असते, त्यामुळे ती तपासणीही करून घ्या. मात्र ‘डाग गेले की मग मैत्री करीन, मग फोटो टाकीन’ असं आयुष्य लांबणीवर टाकू नका. मी ते सहा वर्षं केलं.

झाकण्याचं ओझं

एर्व्हिंग गॉफमन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1963 मध्ये एक साधा पण खोल भेद मांडला. समाज ज्याला कमीपणा मानतो अशी खूण ज्यांच्या अंगावर आहे, त्यांचे दोन प्रकार होतात. काहींची खूण समोर येताच दिसते. त्यांच्यापुढचा प्रश्न असतो तो समोरच्याचा अवघडलेपणा सांभाळण्याचा. काहींची खूण अजून कळलेली नसते. त्यांना सांभाळायची असते ती माहिती. कुणाला कळलं आहे, कुणाला नाही, कुठे बाही वर जाईल, कुठे उजेड जास्त आहे.

सोशल मीडियाने काय केलं, तर पहिल्या प्रकारच्या माणसांना दुसऱ्या प्रकारात नेऊन बसवलं. महाद्वार रोडवर चालताना माझा ओठ सगळ्यांना दिसतो, तिथे झाकण्याचा प्रश्नच येत नाही. डीपी मात्र मी निवडते. कोन निवडते, उजेड निवडते, फिल्टर निवडते. ही सोय वाटते, आणि काही दिवस ती सोय असतेही. नंतर मात्र तिचं ओझं होतं, कारण झाकलेली गोष्ट रोज सांभाळावी लागते.

माझाच अनुभव सांगते. सव्वीस वर्षांची असताना इन्स्टाग्रामवर एका मुलाशी ओळख झाली. सांगलीकडचा, शेतकरी घरातला, वाचणारा. पाच महिने रोज बोलणं. माझे सगळे फोटो डाव्या बाजूने. भाषासुद्धा मी झाकली होती. आम्ही कोल्हापूरच्या मुली घरात सहज ‘मी येतो, मी जातो’ म्हणतो. त्याला मात्र मी पाच महिने न चुकता ‘येते, जाते’ लिहीत होते. शेवटी भेटायचं ठरलं, रंकाळा तलावावर, मे महिन्यात. मी पूर्ण बाह्या घातल्या, ओठावर गडद लिपस्टिक लावली. भेळ घेतली आणि लक्षात आलं की खायला बोटं वर काढावी लागणार. मी ‘भूक नाही’ म्हटलं. तो गुऱ्हाळाविषयी काहीतरी सांगत होता, पण त्यातलं एक वाक्य मला आज आठवत नाही, कारण सगळा वेळ माझं लक्ष माझ्या हातांवर होतं. रात्री त्याचा मेसेज आला, ‘तुला आज माझ्याशी बोलायचंच नव्हतं असं वाटलं.’ त्याने डाग पाहिले की नाही, हे मला कधीच कळलं नाही.

पुढे शिकवायला लागल्यावर एक जुना प्रयोग वाचला आणि ती संध्याकाळ मला पहिल्यांदा समजली. 1980 मध्ये अमेरिकेतल्या क्लेक आणि स्ट्रेंटा या दोन मानसशास्त्रज्ञांनी काही जणांच्या चेहऱ्यावर रंगाने खोटा व्रण काढला आणि आरशात दाखवला. मग ‘व्रण टिकावा म्हणून थोडं क्रीम लावतो’ असं म्हणून, त्यांच्या नकळत तो पुसून टाकला. आता चेहरा स्वच्छ, पण माणसाला वाटतंय व्रण आहे. अशा अवस्थेत त्यांना अनोळखी व्यक्तीशी गप्पा मारायला पाठवलं. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की समोरचा माणूस अवघडला होता, व्रणाकडे बघत होता, नीट वागत नव्हता. नसलेल्या व्रणाकडे!

याचा अर्थ ‘भेदभाव तुमच्या मनाचा खेळ आहे’ असा लावू नका, मी तो कुणालाही लावू देणार नाही. लोक बघतात. बसमध्ये शेजारून उठतात. माझ्या हातचा प्रसाद न घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. प्रयोग एवढंच सांगतो की, नाकारलं जाईल या धास्तीने बसलेल्या माणसाला समोरच्याची साधी हालचालही नकार वाटते. आणि धास्तावलेला माणूस समोरच्यालाही थंड वाटतो. रंकाळ्यावर नेमकं हेच झालं होतं. मला वाटत होतं तो माझी बोटं बघतोय, त्याला वाटत होतं मला तो आवडला नाही.

दुसराही एक अभ्यास आहे, 2000 सालचा. ज्या गायकाचं चित्र अंगावर मिरवायला विद्यार्थ्यांना लाज वाटेल, त्याच्या चित्राचा टीशर्ट घालून एकेकाला भरलेल्या खोलीत पाठवलं. ‘किती जणांच्या लक्षात आलं असेल?’ असं विचारल्यावर त्यांचा अंदाज होता, निम्म्यांच्या. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं होतं. आपल्यावरचा प्रकाशझोत आपल्याला वाटतो त्याच्या निम्म्या तेजाचाही नसतो. प्रत्येक जण आपापल्या टीशर्टच्या काळजीत असतो.

फोटो खोटं कसं बोलतो

‘मी फोटोत चांगली येतच नाही’ हे वाक्य मी वर्गात दर आठवड्याला ऐकते. त्याला दोन साधी कारणं आहेत.

पहिलं अंतराचं. हात लांब करून काढलेल्या सेल्फीत कॅमेरा चेहऱ्यापासून फूटभर असतो. नाक कॅमेऱ्याच्या जवळ, कान लांब, त्यामुळे नाक फुगतं. 12 इंचावरून काढलेल्या फोटोत नाकाचा तळ प्रत्यक्षापेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतो, असं 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं. पाच फुटांवरून काढला तर हा फरक जवळपास नाहीसा होतो. सेल्फी बघून नाकाच्या ऑपरेशनचा विचार करणाऱ्यांनी आधी मैत्रिणीला पाच फुटांवर उभं करावं.

दुसरं सवयीचं. आपण स्वतःला आयुष्यभर आरशात, म्हणजे उलटं बघतो. चेहऱ्याच्या दोन बाजू कुणाच्याच तंतोतंत सारख्या नसतात. 1977 मध्ये एका अभ्यासात मुलींना त्यांचाच एक सरळ आणि एक उलटा फोटो दाखवला. त्यांना स्वतःला बहुधा आरशातला आवडला, त्यांच्या मैत्रिणींना सरळ. जे रोज दिसतं ते आवडायला लागतं, हा माणसाचा स्वभावच आहे. 1968 मध्ये झायन्स या मानसशास्त्रज्ञाने तो प्रयोगांनी मांडला.

या शेवटच्या गोष्टीत आपल्या सगळ्या प्रश्नाची किल्ली आहे, म्हणून जरा थांबून सांगते. सवयीने आवड वाढते, तर मग डाग सुरुवातीपासून दिसत राहिला तर काय होईल? पहिल्या दिवशी नजर तिथे जाईल. दहाव्या दिवशी तो चेहऱ्याचाच भाग झालेला असेल. मोडलेल्या कानाचं कोल्हापुरात हेच झालं आहे. पिढ्यान् पिढ्या आपण ते कान पाहिले, खासबागेच्या कुस्ती मैदानात पाहिले, आणि त्या कानांमागे कष्ट आहेत हे आपल्याला कुणीतरी सांगत आलं. बघणं आणि गोष्ट, दोन्ही मिळाल्या. कोडाला यातलं काहीच मिळालं नाही. तो बाहीखाली राहिला आणि त्याच्याबद्दल फक्त कुजबुज झाली.

इन्स्टाग्राम मात्र उलटीच सवय लावतं. हजारो गुळगुळीत चेहरे रोज डोळ्यांखालून जातात, आणि डोळ्यांना तेच नेहमीचं वाटायला लागतं. 2021 मध्ये, इन्स्टाग्राम ज्यांच्या मालकीचं त्या फेसबुक कंपनीची आतली कागदपत्रं बाहेर आली. आपल्या शरीराविषयी ज्या किशोरवयीन मुलींच्या मनात आधीच त्रास होता, त्यांच्यातल्या तीनपैकी एकीचा त्रास इन्स्टाग्राममुळे वाढतो, असं कंपनीच्याच संशोधकांना आढळलं होतं. त्यामुळे आपण कुणाला फॉलो करतो हा फुटकळ विषय नाही. व्रण असलेल्या, व्हीलचेअरवरच्या, कोड असलेल्या, जाड, सावळ्या माणसांना जाणीवपूर्वक फॉलो करा. डोळ्यांना खऱ्या शरीरांची सवय परत लागते. मला तीन-चार महिने लागले.

काहींचं दुःख याहून गडद असतं. दुसऱ्या कुणाला दिसतही नाही अशा दोषाने माणूस तासन् तास आरशापुढे अडकतो, बाहेर पडणं सोडतो. हा आजार आहे, साधारण शंभरात दोघांना होतो आणि त्यावर उपचार आहेत. मानसिक आरोग्यासाठी सरकारच्या टेलिमानस या फोन सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे. बोलायला लाजू नका.

सांगायचं कधी

नुसत्या मेसेजवर वाढलेल्या ओळखीत एक वेगळीच गोष्ट घडते. 1996 मध्ये जोसेफ वॉल्थर या संशोधकाने ती उलगडून सांगितली. लिहिणारा स्वतःचं निवडक तेवढंच पुढे ठेवतो, पुसून पुन्हा लिहितो. वाचणारा उरलेल्या रिकाम्या जागा स्वतःच्या कल्पनेने भरतो, आणि आवडत्या माणसाच्या बाबतीत त्या सुंदरच भरल्या जातात. मग लिहिणारा त्या चित्राला साजेसं आणखी लिहितो. दोघांच्या मध्ये एक तिसराच माणूस तयार होतो, आणि जितका काळ जातो तितका तो उंच होत जातो. पाच महिन्यांनी रंकाळ्यावर मला त्या तिसऱ्या मुलीशी सामना करायचा होता. ती हरणं शक्यच नव्हतं.

म्हणून माझं मत अगदी स्पष्ट आहे. जे समोर येताच दिसणार आहे ते फोटोत पहिल्यापासून दिसू द्या. त्याची घोषणा करायची गरज नाही, लांबलचक खुलासा तर नकोच. चार फोटोंतल्या एकात हात, एकात हसताना ओठ, इतकं पुरे. ‘सॉरी, आधी सांगायला हवं होतं’ असं म्हणावं लागणार नाही, कारण माफी मागण्यासारखं तुम्ही काही केलेलंच नाही. ज्याला ते खुपेल तो सुरुवातीलाच निघून जाईल. तेव्हा टोचेल, पण पाच महिन्यांनी टोचण्यापेक्षा कितीतरी कमी. व्हिडिओ कॉल आणि प्रत्यक्ष भेट फार लांबवू नका. पहिली भेट रंकाळ्यासारख्या गर्दीच्या ठिकाणी, दिवसाउजेडी, आणि घरी कुणाला तरी सांगून.

न दिसणाऱ्या गोष्टींचं, म्हणजे फिट्स, कपड्याखालचा भाजल्याचा व्रण, स्तनाच्या ऑपरेशनचं, वेगळं आहे. ते पहिल्या दिवशी सांगण्याचं बंधन तुमच्यावर नाही. विश्वास वाटायला लागला, आणि पुढचं पाऊल टाकताना समोरच्याला ते माहीत असणं योग्य आहे असं वाटलं, की सांगा. लग्नाचा विचार असेल तर त्याआधी नक्की.

एक सावधगिरी. दुखावलेल्या, एकट्या माणसाला हेरणारे लोक ऑनलाइन फिरत असतात. ‘मला तुझे डागच आवडतात’ असं दुसऱ्याच दिवशी म्हणणारा, आठवड्यात प्रेमाच्या शपथा घेणारा, भेट टाळणारा आणि मग पैसे किंवा खासगी फोटो मागणारा माणूस तुमचा नाही. स्वीकाराची तहान इतकी मोठी असते की हे कळूनही वळत नाही, मला माहीत आहे. पैसे गेले तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. फोटोवरून धमकी आली तर पोलिसांत जा, चूक धमकी देणाऱ्याची आहे.

माझ्या डीपीवर आता आण्णा आणि मी आहोत. धाकट्या भावाने पंचगंगेच्या घाटावर पाच फुटांवरून काढलेला फोटो. आण्णांचा कान दिसतो, माझा ओठ दिसतो, त्यांच्या खांद्यावर ठेवलेली माझी बोटं दिसतात. टाकण्याआधी त्यांना दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघितला त्यांनी आणि म्हणाले, “माझा दुसरा कान न्हाई आला व्हय गं?”

त्यानंतर काही दिवसांनी एका मुलीची रिक्वेस्ट आली. नोकरीसाठी लातूरहून कोल्हापुरात आलेली, इथे कुणी ओळखीचं नाही. दोन-चार मेसेज झाल्यावर तिने विचारलं, ‘ताई, राग येणार नसेल तर, बोटांना काय झालंय?’

मी लिहिलं, ‘कोड आहे. कुणाला लागत नाही.’

तिकडून ‘टायपिंग’ दिसलं. थांबलं. परत दिसलं. माझ्या पोटात अजूनही अशा वेळी गोळा येतो.

मग आलं, ‘बरं. आणि इथं मिसळ चांगली कुठं मिळते?’

‘रविवारी आठ वाजता तयार राहा,’ मी लिहिलं, ‘घ्यायला येतो.’